केमोच्या आधी की नंतर? बाप होण्याच्या वाटा, शेजारी शेजारी ठेवून

गाय भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला, गावात येणारे डॉक्टर गाडीला बांधून आणतात तो वाफाळणारा डबा पाहिलाय ना? त्यात वळूचं वीर्य टिकवायला द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंश. माणसाचं वीर्यही तसंच साठवतात. कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेल्या यावलच्या माझ्या चुलतभावाला मुंबईत हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. तोवर अख्खा प्रवास आम्ही गप्प होतो, कारण शेजारी घरातले वडीलधारे नाना बसलेले. ‘आधी पोऱ्याले वाचू द्या,’ एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं. पण रुग्णालयात हा विषय कुणी काढला नाही. आम्हीच विचारला.

केमोने शुक्राणू जाऊ शकतात, म्हणून आमच्यापुढे दोन वाटा होत्या: आधी वीर्य गोठवून ठेवणं, नाहीतर बरं झाल्यावर बघणं.

गोठवायला दोन-तीन दिवस संबंध-हस्तमैथुन टाळून नमुना द्यायचा असतो, जमलं तर दोन-तीन वेळा. घरून न्यायचा तर तासाभरात पोचवावा लागतो, म्हणजे चोपडा-शहाद्याकडच्या खेड्यातून ते होणं नाही. केंद्रातल्या खोलीतच द्यावा लागतो. नाना तेव्हा चहाला गेले होते, बरं झालं. वृषणाच्या कॅन्सरमध्ये किंवा हॉजकिन्समध्ये (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) शुक्राणू आधीच कमी असू शकतात. तरी गोठवा. १९९२ पासून इक्सी आहे, म्हणजे प्रयोगशाळेत शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं, त्यात एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो. वीस-वीस वर्षं गोठलेल्या नमुन्यांतून मुलं झाली आहेत. अक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र दिवस मोजत बसू नका, मिळेल तो एक नमुना द्या आणि उपचार सुरू करा. केमो सुरू झाल्यावर गोठवण्यात अर्थ उरत नाही, शुक्राणूंतल्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते.

‘नंतर बघू’ म्हणायचं तर सगळं औषधावर. हॉजकिन्सच्या एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोनंतर बहुतेकांचे शुक्राणू वर्ष-दोन वर्षांत परततात. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन या केमोच्या औषधांचे मोठे डोस, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीची तयारी किंवा वृषणावर थेट रेडिएशन असेल, तर ते कायमचे जाऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांना ‘मूल होईल का?’ असं मोघम विचारू नका. औषधांची नावं आणि एकूण डोस लिहून घ्या.

इथे पुरुष हमखास फसतात. इच्छा आहे, ताठरता आहे, वीर्यही नेहमीसारखं दिसतं, म्हणजे सगळं ठीक असं नाही. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी चिवट असतात, शुक्राणू बनवणाऱ्या नाजूक. त्यामुळे खरं काय ते तपासणीच सांगते. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणूंची आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून दर महिन्याला तपासणी करून जीव टांगणीला लावू नका. उपचार चालू असताना निरोध वापरा, आणि त्यानंतरही मुलासाठी साधारण वर्ष-दोन वर्षं थांबायला सांगतात.

शून्यच आले तर? सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया आहे, मायक्रो-टेसे. केमोनंतर ती साधारण तिघांत एकाला यश देते. सापडले तरी पुढे इक्सी अटळ, म्हणजे स्त्रीबीजांसाठी इंजेक्शनं बायकोला. पैसा, शरीर, फेऱ्या, सगळं जास्त. गोठवलेले भरपूर आणि चांगले असतील तर कधी कधी साध्या आययूआयवरही, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यावरही, भागतं. गोठवण्याकडे माझा कौल आहे तो म्हणूनच, औषध सौम्य असलं तरीही. वापरायची गरजच नाही पडली तर उत्तम.

हे काहीच जमलं नाही, तरी दोन वाटा उरतात. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घेता येतं. दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेकडे नोंदणी होते, जोडप्याच्या संसाराला दोन वर्षं झालेली लागतात. वयात न आलेल्या मुलांत शुक्राणूच नसतात, त्यांच्या वृषणाचा तुकडा गोठवणं अजून प्रायोगिक आहे.

संमतिपत्रात एक रकाना असतो: माणूस गेला तर नमुन्याचं काय? तो कोरा सोडू नका. दिल्लीत एका कॅन्सरग्रस्त तरुणाचा नमुना त्याच्या मृत्यूनंतर मिळवायला आई-वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. चुलतभावाने मान खाली घालून तो रकाना भरला, मला वाचू दिला नाही.

आमचं साठवणीचं भाडं दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास भरायचं असतं. मोबाइल नंबर बदलला तर बँकेला कळवा. आम्ही नानांचाही नंबर देऊन ठेवलाय.