स्क्रम की कानबान?
दारव्ह्याच्या एका पोरानं विचारलं, "भाऊ, आम्ही तिघं जिनिंगसाठी कापूस-खरेदीचं सॉफ्टवेअर करतो. स्क्रम धरू की कानबान?" सर्टिफिकेटवाल्यांच्या जाहिराती सोडून सांगतो; दोन्ही टीमचं काम आखायच्या पद्धती, अन् दोन्ही वापरून झालेत.

वेळेचं पाहा. स्क्रममध्ये काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीच्या टप्प्यांत करायचं; स्प्रिंट जास्तीत जास्त महिन्याचा, रोज १५ मिनिटांची भेट, वर प्लॅनिंग, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (काम कसं झालं याची उजळणी). तिघांना हे जड, अन् भारनियमन असलं की व्हिडिओ कॉल गेलाच. टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबानला फळा अन् चिठ्ठ्या पुरतात: एक चिठ्ठी म्हणजे एक काम, जसं पुढं जाईल तशी फळ्यावर सरकवायची.

खरा फरक अचानक आलेल्या कामात. दिवाळीनंतर आवक वाढली की सकाळीच फोन: वजनकाट्याची पावती निघत नाही! स्प्रिंटचं ध्येय ठरलेलं असताना असे चार फोन आले की आठवडा गेला. कानबानमध्ये चिठ्ठ्यांचा क्रम बदलायचा, बस. पण एका वेळी हातात किती कामं, ही मर्यादा पाळली नाही तर फळा नुसता शोभेचा. आम्ही दोनची ठेवली होती, अन् तीही मोडायचो.

मुदतीचा अंदाज दोन्हीकडे चुकतोच.

हंगामात दुरुस्त्याच जास्त, तर कानबान. उन्हाळ्यात नवं मॉड्यूल बांधायचंय अन् जिनिंगवाला दर दोन आठवड्यांनी बसून पाहायला तयार आहे, तर स्क्रम.