निक ड्रेकचे तीन अल्बम : आठ महिन्यांच्या सहवासानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराचे तिन्ही अल्बम रेकॉर्डच्या स्वरूपात विकत घेतले आणि तेव्हापासून आठ महिने, बहुधा रात्रीचे आवरून झाल्यावर, ते जवळजवळ रोज ऐकत आलो आहे. मध्यंतरी नुसत्या ऐकण्याने भागेना, म्हणून माळ्यावर पडून असलेली गिटारही खाली काढली. त्यामुळे हा अभिप्राय जेवढा श्रोत्याचा आहे, तेवढाच त्या गिटारीवर बोटे झिजवणाऱ्या हौशी माणसाचाही आहे.

ड्रेकची कारकीर्द सांगायला फार वेळ लागत नाही. त्याचा जन्म १९४८ साली रंगूनमध्ये झाला. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. (आपल्याकडच्या जुन्या घरांत ‘बर्माटीक’ म्हणून ज्या लाकडाचे कौतुक चालते, त्याच सागवानाच्या व्यापारातली ही कंपनी.) पुढे कुटुंब इंग्लंडमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थायिक झाले. निक केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकत असताना जो बॉइड या निर्मात्याने त्याला हेरले आणि १९६९ साली ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’, १९७१ साली ‘ब्रायटर लेटर’ आणि १९७२ साली ‘पिंक मून’ असे तीन अल्बम निघाले. त्या काळी यांपैकी एकाच्याही पाच हजार प्रती खपल्या नाहीत. नैराश्याने ग्रासलेला ड्रेक आईवडिलांच्या घरी परतला आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये, नैराश्यावरच्याच औषधाच्या अतिमात्रेने, वयाच्या २६ व्या वर्षी गेला. पाव शतकानंतर अमेरिकेत मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’चे शीर्षकगीत वाजले आणि जगाने त्याचे अल्बम धडाधड विकत घेतले.

ही कहाणी इतकी करुण आहे की ती गाण्यांच्या आधी कानात शिरते. पहिला महिनाभर मीही प्रत्येक ओळीत मृत्यूची चाहूल शोधत बसलो होतो. गिटार हातात घेतल्यावर ते आपोआप थांबले; त्याच्या उजव्या हाताचा अंगठा जे करतो, ते साधायला किती तालीम लागली असेल याचा अंदाज येऊ लागला आणि दुःखाकडे लक्ष द्यायला उसंतच उरली नाही.

त्या शीर्षकगीताचेच उदाहरण घेतो. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारीवर ते नीट वाजत नाही. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार चार अर्धस्वर (सप्तकाच्या बारा पायऱ्यांपैकी एक पायरी म्हणजे एक अर्धस्वर) खाली आणावी लागते. पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन अर्धस्वर उतरवायच्या, दुसरी एक अर्धस्वर चढवायची, पहिली आहे तशी ठेवायची आणि मग दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा. कागदावर सी-जी-सी-एफ-सी-ई ही अक्षरे पाहून मला काहीच बोध झाला नव्हता. परंतु जाड तारेला षड्ज मानले, की जाडीकडून बारीककडे सा-प-सा-म-सा-ग असे स्वर मिळतात, आणि तंबोऱ्यावर पोसलेल्या कानाला चटकन उमगते की या माणसाला एकाच वाद्यावर स्वतःची साथही करायची होती आणि गतही वाजवायची होती. अंगठा खालचे सा आणि प हलते ठेवतो, बाकीची बोटे वरच्या मोकळ्या तारांमधून चाल विणतात, आणि गाणारा आवाज मात्र ठेक्याच्या किंचित मागे, रेंगाळत येतो. हे तिन्ही एकत्र करणे मला आठ महिन्यांनंतरही साधलेले नाही. गायला लागलो की अंगठा आवाजाच्या मागे धावतो.

या ट्यूनिंगचा व्यावहारिक त्रासही सांगायला हवा. एवढी उतरवलेली जाड तार सैल पडून फ्रेटवर झणझणते, त्यामुळे मला अधिक जाडीच्या तारांचा संच आणावा लागला, आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायला माझी चार-पाच मिनिटे खुंट्या पिळण्यात जातात. ड्रेकच्या मोजक्या जाहीर कार्यक्रमांत हेच घडत असे; तो दोन गाण्यांच्या मध्ये एक शब्दही न बोलता तारा लावत बसे आणि श्रोते चुळबुळू लागत. पूर्वी मी याचे खापर त्याच्या भिडस्तपणावर फोडत असे. आता निम्मा दोष खुंट्यांना देतो.

‘पिंक मून’ हा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये, लंडनमधील साउंड टेक्निक्स या स्टुडिओत, ध्वनिमुद्रक जॉन वुड यांच्याबरोबर दोन रात्रींत मुद्रित झाला. ११ गाणी, जेमतेम २८ मिनिटे, गिटार आणि आवाज, आणि शीर्षकगीतात वरून भरलेला थोडासा पियानो. तिघांपैकी सर्वांत कमी ऐवज असलेला हाच अल्बम मला सर्वाधिक टिकाऊ वाटला.

‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मधल्या ‘रिव्हर मॅन’ने मला सुरुवातीला चांगलेच चकवले. ते पाच मात्रांत चालते आणि दहा मात्रांच्या झपतालाची सवय असलेला माझा हात नकळत सहाव्या मात्रेवरची ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) शोधत राहतो. ती येतच नाही, पाचाचे आवर्तन संपून पुन्हा पाचच सुरू होतात. त्यावर हॅरी रॉबिन्सन यांनी रचलेला व्हायोलिनांचा मेळ धुक्यासारखा उतरतो. बाकीच्या अनेक गाण्यांचा वाद्यमेळ केंब्रिजमधल्याच रॉबर्ट कर्बी या विद्यार्थी मित्राने लिहिला होता. आधी नेमलेल्या व्यावसायिक संयोजकाचे काम ड्रेकला पटले नाही, तेव्हा त्याने कर्बीचे नाव पुढे केले. पहिल्याच अल्बमच्या वेळी एवढा ठामपणा दाखवणाऱ्या मुलाला केवळ ‘हळवा’ म्हणणे मला आता जड जाते.

‘ब्रायटर लेटर’बद्दल माझे मत मात्र महिन्यागणिक उतरत गेले. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोकरॉक बँडच्या वादकांनी धरलेला ठेका चोख आहे, पण ब्रास, बासरी आणि पार्श्वगायिका यांच्या गर्दीत गिटार कोपऱ्यात जाते, आणि तीन गाणी तर शब्दांविनाच आहेत. ती आता मी सरळ ओलांडतो. अपवाद ‘नॉर्दर्न स्काय’चा. त्यात वेल्श संगीतकार जॉन केल यांनी वाजवलेला चेलेस्टा (घंटीसारखा नाद देणारे, पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य) थेंब पडावेत तसा वाजतो आणि तिथे भर घातलेली खटकत नाही.

माझ्या संचातली एक रेकॉर्ड कडेला वाकलेली निघाली, त्यामुळे पहिल्या गाण्यावर सुई उडते. विक्रेत्याने ती बदलून दिली नाही, ही तक्रार संगीताची नसली तरी खर्चाची आहेच. शब्द पुटपुटल्यासारखे येत असल्याने सुरुवातीला गीते समोर छापील ठेवून ऐकावीत. एकच अल्बम घेणार असाल तर ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ घ्या. गिटार वाजवत असाल तर ‘पिंक मून’. माझी गिटार सध्या सा-प-सा-म-सा-ग अशीच लावून ठेवलेली आहे, आणि मुलीला तिच्या क्लासचे धडे वाजवायचे असले की घरात कुरबुर होते. म्हणून पुढच्या महिन्यात एखादी जुनी, वापरलेली गिटार पाहायचे ठरवले आहे.