निसान वन टन: इंजिन जबलपूरचंच ठेवलं, पैसा ब्रेक आणि रेडिएटरवर घातला

लष्करातून निघालेली निसान वन टन, म्हणजे एक टन माल वाहणारा छोटा फोर बाय फोर ट्रक, डोंगरात फिरवण्याजोगी करायची म्हटलं, की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला सल्ला एकच मिळतो: पेट्रोल इंजिन काढा आणि एखाद्या टेम्पोचं डिझेल टाका. मी तो मानला नाही. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा ही गाडी मावळात, जुन्नरच्या बाजूला आणि घाट उतरून कोकणात वापरली. त्यानंतर मी ठामपणे सांगतो, इंजिन आहे तेच ठेवा. डिझेलवर जाणारा पैसा ब्रेक, स्टिअरिंग आणि रेडिएटरवर घाला.

निसानच्या परवान्यावर ही गाडी जबलपूरला बनत असे. तिच्यात जोंगा या लष्करी जीपचंच ३,९५६ सीसीचं, सरळ सहा सिलिंडरचं ‘पी’ इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११४.३. पिस्टनची धाव एवढी लांब असल्यामुळे वेगाची अपेक्षा ठेवू नये, पण कमी आरपीएमला ओढ जबरदस्त मिळते. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणाऱ्या जादा गिअरमध्ये, पहिला टाकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ती दगडगोट्यांच्या चढावर माणसाच्या चालीने चढत राहते. कुठलं चाक कुठल्या दगडावर टेकतंय, हे बघत शांतपणे चालवता येतं. शिवाय इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती न करता फिरणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात, आणि अपघात झाल्यावर त्यांच्या विम्याचं काय होतं तेही.

आता रेडिएटर. या गाड्या तापतात अशी सगळीकडे ओरड आहे आणि ती खरी आहे, पण दोष इंजिनाच्या रचनेत नाही. माझ्या इंजिनचा ब्लॉक उघडला तेव्हा बाजूचे वेल्श प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं, काढून आत वाकडी तार घातली. शेवटच्या दोन सिलिंडरांभोवती गंजाचा तपकिरी गाळ इतका घट्ट बसला होता, की पाण्याला वाटच उरली नव्हती. तो चिखल खरवडून, पाण्याच्या दाबाने धुऊन काढायला फिटरला अख्खा दिवस लागला. रेडिएटरला नवा कोअर, म्हणजे आतला जाळीचा भाग, घातला. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं गायब होतं, ते पत्रेवाल्याकडून बनवून घेतलं. या कड्याकडे कोणी लक्ष देत नाही. रस्त्यावर वाऱ्यामुळे निभावतं, पण लो रेंजमध्ये गाडी जवळजवळ जागीच असते. तिथे कडं नसेल तर पंखा बॉनेटखालचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. हे काम झाल्यापासून एप्रिलच्या दुपारीही तापमानाचा काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

उन्हाळ्यात एक त्रास मात्र झाला. हळू चढताना तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देत बंद पडायची. टाकीजवळ वेगळा इलेक्ट्रिक पंप बसवला, पाइप सायलेन्सरच्या पाइपपासून लांब वळवून नेला, आणि त्रास संपला. त्याच वेळी इंधनाचे सगळे रबरी पाइप बदलले. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या नळ्या, कार्ब्युरेटरची पॅकिंगं ही त्यासाठी बनलेलीच नाहीत. नळी फुगते, मऊ पडते, आतून सुटलेले काळे कण थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात. इथेनॉल सोसणाऱ्या एफकेएम रबराच्या नळ्या महाग आहेत, पण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकतं अशा ठिकाणी काटकसर करू नये.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त खर्च केला आणि त्याचं समाधानही सर्वांत जास्त आहे. मूळ रचनेत चारही ड्रमना एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल थेट फळीला. जांभ्याच्या कोरलेल्या वाटेवर, एका बाजूला दरी असताना, ते चालणार नाही. म्हणून दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवून घेतला, नळ्या तांब्याच्या न ठेवता स्टीलच्या केल्या. ड्रम ठेवले. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रममधले शू ओले असतात आणि पहिल्या दोन-तीन दाबांना गाडी थांबत नाही. त्यामुळे ओढा पार केला की सपाटीवर हलका ब्रेक दाबून थोडं अंतर चालवायचं आणि ते वाळवायचे, मगच उताराला लागायचं. स्टिअरिंग पॉवरचं केल्याने खांदे वाचले, यापेक्षा त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पाण्यात उतरायचं तर डिफरन्शिअलच्या (ॲक्सलमधल्या, दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) ब्रीदरचं, म्हणजे हवा आतबाहेर करणाऱ्या तोंडाचं, काम आधी करा. चालून चालून हाउसिंग तापलेलं असतं. ते एकदम थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. दोन दिवसांनी प्लग उघडला तर आतून चहाच्या रंगाचं, दुधाळ तेल पडतं. लांब नळी जोडून ब्रीदर बॉनेटखाली वर नेला की प्रश्न सुटतो, आणि खर्च म्हणाल तर दोन-तीन मीटर नळीचा. खोल पाण्याआधी पंख्याचा पट्टाही उतरवावा, नाहीतर पंखा पाणी उडवून प्लगना ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्यूटर भिजवतो. ज्या गॅरेजने माझं पुढच्या ॲक्सलचं काम केलं, त्यांनी ॲक्सलच्या टोकाला चाकं वळतात त्या गोळ्यांची जुनी सीलंच पुसून परत घातली होती. पहिल्याच पावसाळ्यात चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि पाण्याचा रबरबाट झाला. पैसे नव्या सीलांचे घेतले होते, याचा मला अजून राग आहे.

टायर ९.००-१६ चे, उंच आणि अरुंद. मुरमात आणि नदीच्या गोट्यांत ते उत्तम. हवा वीस पीएसआयच्या खाली आणली की दगडाला चांगले बिलगतात. काळ्या रानात पावसाळ्यात मात्र कोणी तारीफ करून सांगितलं तरी जाऊ नका. खाचा काळ्या मातीने भरतात आणि चाक नुसतं गरगरतं. दोन्ही डिफरन्शिअल ‘ओपन’, म्हणजे लॉक न होणारी आहेत, त्यामुळे तिरप्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं दुसऱ्या बाजूचं चाक अधांतरी झालं की फोर बाय फोर असूनही गाडी अडते. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद फक्त सैल जमिनीवरच जोडा. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसल्याने डांबरावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि प्रॉपेलर शाफ्टवर येतो. मागचे पाटे एक टन मालासाठीचे, रिकाम्या हौद्यात बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. त्यातले काही मी काढले, आता बरं आहे.

ॲव्हरेज हायवेला लिटरमागे चारच्या आसपास, डोंगरात त्याहून कमी. हे परवडत नसेल तर गाडी घेऊ नये. रोज ऑफिसला न्यायचं हे वाहन नाही.

रंगाचं आधी ठरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हौसेने तोच रंग मारून पासिंगला नेलेल्या गाड्या परत पाठवल्या जातात. मी मातकट करडा घेतला. तसंच २०२१ मध्ये आलेल्या नियमांतली विंटेजची ‘व्हीए’ नोंदणी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे, आणि ती घेतली की रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. ब्रेक-स्टिअरिंग बदललेल्या, दर सुट्टीला फिरायच्या गाडीला साधी नोंदणीच बरी.

सुटे भाग मिळतात. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट दिल्लीच्या मायापुरीतून मागवल्या. अडचण रबराची होते, कारण ‘निसानचं सील’ म्हणून जे मिळतं ते वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असतं. जुनं सील फेकू नका. त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजून बेअरिंगच्या दुकानात जा. बहुतेक मापं तिथे ताज्या मालात मिळतात. माझ्या मागच्या ॲक्सलची सगळी तशीच जमली.