ट्रॅक्टर एअर घेऊन राह्यला (डिझेलच्या लाइनीत हवा शिरून राह्यली) असन तर हा पारदर्शक पाइप लावून पाहा (वापरून लिहून राह्यलो)

हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर भेटते तो पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा) पाइप. ट्रॅक्टरचं सामान म्हणून तो कोणी विकत नाई, कॉम्प्रेसरवाले नेतात, पण डिझेल लाइन एअर कुठून घेऊन राह्यली हे शोधाले याच्याएवढी स्वस्त अन खरं सांगणारी वस्तू मले तरी दुसरी भेटली नाई. पाचपैकी साडेचार. अर्धा काहून कापला ते खाली आहे.

आमचा ट्रॅक्टर जुना, इनलाइन पंपाचा (नोजलले डिझेल देणारा जुन्या पद्धतीचा साधा पंप), दारव्ह्याकडं भाड्यानं रोटाव्हेटर अन पेरणी करतो. दुखणं असं का टाकी फुल असली की मस्त चालते, निम्मीच्या खाली गेली का लोडवर पावर सोडते, वावराच्या मधातच भकभक करून बंद पडते, मंग हातपंप मारा, एअर काढा, पुन्हा थोडा वेळ चालते. पेरणीच्या दिवसात असं झालं म्हणजे लोकं उभ्या वावरात शिव्या घालतात. एका मिस्तरीनं सांगतलं पंप उतरवा, यवतमाळले टेस्ट बेंचवर (पंप तपासाच्या मशीनवर) लावा. दोन्ही फिल्टर बदलून झाले होते, खर्च तिथंही गेलाच होता, अन पंप उतरवणं म्हणजे त्याचं टायमिंग पुन्हा बसवण्यापासून सगळं आलं भाऊ.

आता हे समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाले देते तो छोटा पंप) लाइन ओढीची असते. तिथं बारीक चीर असली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाई, हवा आत जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसते. फीड पंपाच्या पुढं प्रेशर असते, तिथं फाटलं तर डिझेल गळते अन डोळ्यानं दिसते. म्हणजे जे गळत नाई तेच जास्त छळते. टाकी फुल असली का डिझेलचं वजनच वरून दाबते म्हणून हवा शिरत नाई, लेव्हल खाली गेली का पंपाले ओढा लागते, अन ओढलं का हवा घुसली.

पाइप लावाची पद्धत सोपी आहे. पह्यले फीड पंपाच्या तोंडाशी येणारा रबरी पाइप काढून तिथं वीतभर पारदर्शक तुकडा क्लिपा मारून लावला. एअर काढली, इंजिन चालू केलं, रेस थोडी ठेवली. सुरवातीले उरलीसुरली हवा निघते, ते बुडबुडे धरू नका, थोडा वेळ चालू द्या. आमच्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक येतच राह्यले, रेस वाढवली का दाट होत. म्हणजे हवा पंपाच्या आधीच शिरते, गडबड मागं टाकीकडं. इथं बुडबुडे नसते तर अर्धी लाइन तिथल्या तिथं सुटली असती, मंग फिल्टरच्या पुढं पाहाचं.

मंग तोच तुकडा डिझेलच्या काचेच्या वाटीच्या (पाणी अन घाण खाली बसते ती) अलीकडं, टाकीच्या बाजूनं लावला, तिथंही बुडबुडे. म्हणजे वाटी अन तिचं रबर दोन्ही सुटले. राह्यला टाकीखालचा कॉक अन त्याचा रबरी पाइप. क्लिपीच्या जागी धूळ चिकटून काळा ओला डाग होता, तेवढीच खूण. घट्ट ग्रीस त्या जागी चोपडलं अन पाहा म्हणलं, बुडबुडे जवळपास बंद! पाइप काढून वाकवला तर क्लिपीच्या खाली आडवी चीर, सरळ धरला का मिटून जाते. वीतभर रबरी पाइप अन नवीन क्लिप, एवढ्यात काम झालं. पंपाले कोणी हात नाई लावला.

आणखी एक फायदा, डिझेलमधलं पाणी अन घाणही दिसते. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र चिखलानं बुजलं असन तर पाइप आत दबू लागते, तेव्हा झाकण सैल करून पाहा, फरक पडला का समजून जा.

आता कापलेले अर्धे मार्क. एक, गवंडी लोकाईचा लेव्हल पाइप त्याच्याहून स्वस्त भेटते म्हणून तो नेऊ नका, तो नरम पीव्हीसीचा असते, डिझेलनं कडक अन पिवळा पडते, मंग त्याच्यातून काही दिसत नाई. दुकानदार दोन्ही एकाच नावानं देतात, पीयूच पाहिजे म्हणून सांगा. दोन, साइजचं डोकं खाते. बऱ्याच ट्रॅक्टरले 8 एमएमच्या आसपास आतला व्यास लागते, पण अंदाजानं आणू नका, जुन्या रबरी पाइपाचा तुकडा हातात घेऊनच दुकानात जा. क्लिपीच्या जागी तार बांधून काम भागवू नका, त्याच जागेवर हवा ओढते अन खोटा निकाल देते.

हे पाइप कायमचं ठेवासाठी नाई. आपल्या इकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, त्यात सायलेन्सर जवळ असला का पीयू नरम पडते, सुटला तर गरम इंजिनावर डिझेल. काम झालं का काढा, रबरी बसवा. अन मोठ्या पंपापासून नोजलच्या (इंजिनात डिझेल फवारते तो भाग) मधात जे लोखंडी पाइप आहेत तिथं चुकूनही लावू नका, तिथं शेकडो बारचं प्रेशर असते, हाताची चामडी फाडून डिझेल आत घुसते, जीवावर बेतते.

ऑनलाइन जोडण्यांसकट तयार किटही भेटतात, पण त्यातल्या बऱ्याच जोडण्या कारच्या लाइनीच्या, ट्रॅक्टरच्या बँजोवर (पोकळ बोल्टची गोल जोडणी) बसत नाईत. मीटरभर पीयू अन चार क्लिपा घ्या. 2023 च्या जानेवारीपासूनचे 50 एचपीच्या वरचे नवे ट्रेम फोर (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) ट्रॅक्टर बहुतेक कॉमन रेलचे (कॉम्प्युटरवर चालणारी, लय जास्त प्रेशरची डिझेल सिस्टिम) असतात, त्याईच्या लाइनीत आपल्या मनानं काही जोडू नका, वॉरंटी असन तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्यालेच दाखवा. जुन्या साध्या पंपाच्या गाड्याईसाठी मात्र हा पाइप घरात पडला पाह्यजेच, पेरणीच्या आधी.