जुन्या जीप-पिकअपचं इंजिन: मूळ पेट्रोल राखायचं की डिझेल बसवायचं?

निपाणी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात अजूनही एखाद्या गोठ्याच्या आडोशाला महिंद्राची जुनी जीप-पिकअप सापडते. हौद्यात कडबा, बॉनेटवर कोंबड्या, टायर जमिनीत रुतलेले. घेणारा ती टेम्पोत घालून गॅरेजला आणतो आणि मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणतो, "हे पेट्रोल काढून टाका की ओ, पंधरा दिवसांत डिझेल बसवून देतो."

याचं उत्तर चेसीला रंग लावण्याआधी द्यावं लागतं. इंजिन बदलायचं तर माउंटिंग कापून नव्याने वेल्ड करावं लागतं, मग रंगही जातो आणि पैसाही. पत्रा, हौदा, फाळका, वायरिंग नंतर बघता येतं. इंजिन मात्र आधी ठरवायचं.

मूळ पेट्रोल म्हणजे विलीज (मूळ अमेरिकन जीप बनवणारी कंपनी) घराण्यातलं एफ-१३४, म्हणजेच 'हरिकेन'. बदली म्हणून बहुतेक वेळा पुढे येतं ते प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोशी करार करून ते इथे बनवायला घेतलं.

| | एफ-१३४ पेट्रोल | एक्सडीपी ४.९० डिझेल |
|---|---|---|
| क्षमता | २१९९ सीसी | २११२ सीसी |
| बोअर × स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास × पिस्टनची धाव) | ७९.४ × १११.१ मिमी | ९० × ८३ मिमी |
| ताकद | सुमारे ७५ हॉर्सपॉवर, ४००० आरपीएमला | सुमारे ६२ हॉर्सपॉवर, ४५०० आरपीएमला |
| सिलिंडर | ब्लॉकमध्येच बोअर | सुटे, ओले लायनर (बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या, बदलता येणाऱ्या नळ्या) |
| चालू करणं | चोक, पॉइंट, कॉइल | हीटर प्लग, मोठी बॅटरी |

तिसरं इंजिन २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल (८८.९ × १०१.६ मिमी). हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. हीटर प्लग लागत नाही, सुटे भाग खेड्यातही मिळतात. पण धडधड इतकी की आरसे, बॉनेटचे बोल्ट आणि रेडिएटरचे सांधे सैल होत राहतात. जुन्या हलक्या चेसीवर ते नकोच, असं आमचं मत.

आधी ब्लॉक बघा, मग बोला

'इंजिन जाम आहे' एवढ्यावरून ते मेलं असं ठरत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटतात. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) समसमान मिसळून ३०-४० मिली घाला आणि ३-४ दिवस तसंच ठेवा. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावा आणि पुढे-मागे थोडं थोडं हलवा. गाडी ओढून गिअर टाकून चालू करायचा मोह टाळा. चिकटलेल्या रिंगा त्यात हमखास तुटतात आणि बोअर ओरखडला जातो.

इंजिन फिरलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) मोजा. चांगल्या एफ-१३४ मध्ये १२० ते १३० पीएसआय मिळतं, आणि सिलिंडरा-सिलिंडरात १० पीएसआयपेक्षा जास्त फरक नसावा. कमी निघालं तर भोकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

हेड काढताना एका बोल्टमुळे इथे सगळेच फसतात. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारी पोकळी) हेडमध्येच ओतलेलं असतं, आणि हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, त्या पोकळीच्या आत दडलेला असतो. कार्बोरेटर उतरवून आत टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही. बाकीचे सगळे बोल्ट काढून हेड हलत नाही म्हणून पहारीने उचकटलं की हेड तडकतं. चांगलं हेड असंच भंगारात जातं.

हेड निघालं तरी फक्त इनटेक व्हॉल्व्ह बघून समाधान मानू नका. या इंजिनात इनटेक वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. एक्झॉस्टच्या सीटपासून बोअरकडे जाणारी बारीक चीर शोधा. कार्बन घासून काढा, डाय-पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारा आणि भिंग घेऊन पाहा. निर्णय याच चिरेवर अवलंबून आहे. चीर नसेल तर इंजिन वाचवायचं. असेल तर ब्लॉक बदलायचा की डिझेल, हा प्रश्न खरा होतो.

बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजा. मूळ माप ३.१२५ इंच. निमुळतेपणा किंवा गोलाईतला फरक ५ थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढे गेला तर बोअरिंग करून मोठे पिस्टन घालावे लागतात. क्रँकला १०, २०, ३० थाउ अंडरसाइझचे बेअरिंग लागतात. आधी बेअरिंग हातात घ्या, मग क्रँक ग्राइंडिंगला पाठवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग सगळं होतं. काम बिघडतं ते 'साइझ किती?' याला अंदाजाने दिलेल्या उत्तराने.

बांधताना लागणारे आकडे: हेड बोल्ट ६०-७० फूट-पौंड (८१-९५ न्यूटन-मीटर), मेन बेअरिंग ६५-७५, कनेक्टिंग रॉड ३५-४५. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनला इनटेक १८ थाउ, एक्झॉस्ट १६ थाउ. इनटेकचं सेटिंग वरून होतं, एक्झॉस्टचं ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून. ते झाकण सहसा कुणी उघडतच नाही, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. पॉइंट गॅप २० थाउ, प्लग गॅप ३० थाउ, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या बिंदूच्या) ५ अंश आधी, फायरिंग १-३-४-२. कॅमचा टायमिंग गिअर फायबरचा असतो. दात झिजलेले किंवा तडकलेले दिसले तर तो आताच बदला, वाटेत तुटला तर गाडी आहे तिथेच थांबते.

डिझेल बसवताना कुठे चुकतं

इंजिन आत बसणं सोपं. ते सरळ बसणं अवघड. जुन्या तीन स्पीडच्या टी-९० गिअरबॉक्सला डिझेल जोडायचं तर मध्ये अडॅप्टर प्लेट येते. तिचं मधलं भोक क्रँकच्या केंद्राशी जुळलं पाहिजे. फ्लायव्हीलवर डायल गेज बांधा, तो बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) भोकात फिरवा आणि सुई ५ थाउच्या आत ठेवा. त्यापुढे गेलं तर सुरुवातीला फक्त क्लच सोडताना थरथर जाणवते, मग इनपुट बेअरिंग आवाज करू लागतं, शेवटी चढावर गिअर आपोआप सुटतो. मग दोष गिअरबॉक्सला दिला जातो आणि बिचारा तोच दोनदा उघडला जातो.

माउंटिंग चेसीला वेल्ड करताना चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग करू नका. तडा तिथूनच सुरू होतो. ब्रॅकेट उभ्या बाजूला, शक्यतो बोल्टने.

यापुढची यादी मिस्त्री भाव सांगताना सांगत नाही. टाकीला परतीच्या डिझेलचा पाइप नसतो, तो काढावा लागतो. किल्ली बंद केली म्हणून इंजिन बंद होत नाही, स्टॉप केबल किंवा सोलेनॉइड लागतो. पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारे जुने वायपर डिझेलवर मरतात, कारण डिझेलला तसा व्हॅक्यूमच नसतो. मग विजेचे वायपर बसवा. ब्रेक बूस्टर घालायचा असेल तर व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्या. पुढचं वजन वाढतं, कमानपाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं.

वेगाचं गणितही आधीच करा. जुन्या मागच्या एक्सलचं प्रमाण बहुधा ५.३८ असतं (४३ दात भागिले ८). ६.००-१६ टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर धरा. टॉप गिअरमध्ये ३००० आरपीएमला गाडी ताशी ७४ किलोमीटर जाते. कमी आरपीएमचं डीआय बसवून ते २५०० वर ठेवलं तर ६१. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मागून येणारा ट्रक हॉर्न मारत राहणार. ४.८८ प्रमाण (३९ भागिले ८) टाकलं तर ३००० ला ८१. पण गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढचा एक्सलही त्याच प्रमाणाचा करावा लागतो, नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खातात. कोणतं प्रमाण आहे ते कळायला गाडी सरळ रेषेत ढकला, मागच्या चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा.

इंजिन कोणतंही असो, टी-९० मध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाला. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खातात. आणि गिअरबॉक्सचं ऑइल मधल्या सीलमधून हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये उतरतं. एकाची पातळी कमी दिसली की दुसऱ्याचीही बघा.

खर्चाचा खरा हिशेब

'डिझेलला अ‍ॅव्हरेज मिळतं' हा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि हौशी माणसासाठी सगळ्यात फसवा. पेट्रोलला लिटरला ८ आणि डिझेलला १२ किलोमीटर धरा. वर्षाला २,००० किलोमीटर चालली तर पेट्रोल २५० लिटर, डिझेल १६७. फरक ८३ लिटरचा. अडॅप्टर, माउंटिंग, रेडिएटर, बॅटरी आणि मजुरी यातून वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवून भाजी, चारा वाहायचा असेल तर फरक ६२५ लिटरचा होतो, मग बोलायला जागा आहे. पण तेवढी चालवायची गाडी साठीच्या दशकातली असावी का, हा वेगळा प्रश्न.

पेट्रोलचंही एक दुखणं आता वाढलं आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात आणि कडक होतात. इथेनॉल पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी बसतं. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. इथेनॉल सोसणारे पाइप घाला, पंपाचा पडदा बदला आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

कागदपत्रं

इंजिन आणि इंधनाचा प्रकार बदलायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी मंजुरी आणि मग आरसीवर नोंद. 'नंतर करून घेऊ' म्हणून बसवलेलं डिझेल पासिंगच्या वेळी इंजिन नंबर जुळला नाही की अडकतं. मालवाहू गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी असली की पासिंग दरवर्षी, म्हणजे दरवर्षी तोच प्रश्न. अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला एवढं पुरतं.

सीमाभागात याला आणखी एक गाठ आहे. एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी घेऊन चिकोडीत ठेवली तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी आणावी लागते, आणि १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवायची तर केए-२३ चा (चिकोडीचा) नंबर घ्यावा लागतो. नव्या आरटीओत गाडी समोर उभी करून तपासणी होते. इंजिन बदलायचं असेल तर हे हस्तांतर आधी मूळ इंजिनावर पूर्ण करा, मग बदलाचा अर्ज करा. दोन्ही एकदम केलं तर फाइल दोन राज्यांत फिरत राहते.

२०२१ च्या विंटेज नियमांच्या भरवशावर असाल तर थांबा. ते ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यांत बसत नाही. आरसीवर वर्ग काय लिहिलाय तो आधी वाचा. खाजगी जीप म्हणून नोंद असेल तर वाट आहे, पण दुसऱ्या जातीचं इंजिन घातलं की तीही बंद.

मग कुणी काय घ्यावं

ब्लॉकला चीर नाही, आरसीवर पेट्रोल आहे आणि गाडी रविवारची आहे: मूळ इंजिन बांधा. दुसरा विचार नको. ब्लॉक फुटलाय पण गाडी खाजगी आणि ५० वर्षांवरची आहे: दुसरा एफ-१३४ ब्लॉक शोधा, वेळ लागला तरी. फक्त इंजिन नंबर बदलल्याची नोंद करून घ्या. रोज माल वाहायचाय: इंजिन बदलण्याच्या (स्वॅपच्या) फंदात न पडता कारखान्यातूनच डिझेल लागून आलेली जीप-पिकअप बघा. माउंटिंग, गिअरबॉक्स, आरसी सगळं आधीच जुळलेलं असतं. अथणी, गोकाककडच्या कोरड्या भागातली गाडी पत्र्याच्या बाबतीत खानापूरकडच्या गाडीपेक्षा बरी निघण्याची शक्यता जास्त. पण हौद्यात रासायनिक खत वाहिलं असेल तर तळ गंजलेला असणारच, कोरडा तालुका असो की ओला. चुंबक फिरवा. लांबी भरलेल्या जागी तो धरत नाही.

स्वॅपविरुद्ध आमचा एक मुद्दा कुठल्याच मिस्त्रीच्या हिशेबात नसतो. एफ-१३४ ची मापं छापील आहेत, कोल्हापूरच्या माणसाने बेळगावच्या माणसाला फोनवर सांगितली तरी जुळतात. प्रत्येक स्वॅप मात्र एकटाच असतो. अडॅप्टर कुणाच्या लेथवर कापला, क्लच प्लेट कुठल्या गाडीची, फॅन किती पुढे सरकवला, हे फक्त बसवणाऱ्याच्या डोक्यात राहतं. तो गॅरेज बंद करून गावी गेला की पुढचा मिस्त्री आंधळा. तरीही डिझेलच बसवणार असाल तर अडॅप्टर प्लेट लावण्याआधी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने रेघा मारून घ्या, भोकांचे व्यास लिहा, क्लच प्लेट, बेअरिंग, बेल्ट आणि होज कुठल्या गाडीचे ते नंबरासह वहीत नोंदवा. त्या पानांचा फोटो अशीच गाडी बांधणाऱ्या दोघा-तिघांकडे पाठवा आणि पुठ्ठा सीटखाली ठेवा.