कलात्मक क्विल्टसाठी सॉफ्ट बोर्डची भिंत आणि कार्डांचा फळा: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

ठाण्यातल्या बेताच्या फ्लॅटमध्ये कलात्मक क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून भिंतीवर चित्रासारखे टांगण्यासाठी केलेले गोधडीसारखे काम, करायचे म्हटले की दोन अडचणी हमखास येतात. मांडणी करायला जागा नसते, आणि एकाच वेळी हाती घेतलेल्या चार-पाच कामांपैकी कोणते कुठवर आले आहे याचा मेळ राहत नाही. पहिल्या अडचणीसाठी मी गेल्या दिवाळीच्या सुमारास फलालीन ताणून लावलेला सॉफ्ट बोर्ड बैठकीच्या खोलीत उभा करून घेतला. दुसरीसाठी कार्डांचा फळा, मोबाइलवरचे नियोजनाचे एक अ‍ॅप आणि नमुन्यांची वही अशी तीन साधने शेजारी शेजारी वापरून पाहिली. आता पावसाळाही सरत आला असल्यामुळे सगळ्याच साधनांविषयी खात्रीने लिहिता येईल. कामे मार्गी लावण्याचे श्रेय मी फळ्याला किंवा अ‍ॅपला देण्याआधी या बोर्डाच्या भिंतीला देईन.

सॉफ्ट बोर्ड म्हणजे कार्यालयांतल्या सूचनाफलकांसाठी वापरतात तोच. आठ बाय चार फुटांचा, १२ मिलिमीटर जाडीचा तक्ता प्लायवूडच्या दुकानात मिळतो. अखंड तक्ता आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून दुकानातच त्याचे चार बाय चारचे दोन भाग करून घेतले. त्यावर करड्या रंगाची फलालीन ताणून मागच्या बाजूने स्टेपल केली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कापड आहे त्याहून गडद भासते, करड्यावर तो फसवेपणा बराच कमी होतो. फलालीनच्या लवेला सुती कापडाचे लहान तुकडे आपोआप चिकटतात, रेशमी खण आणि इरकलीचे तुकडे मात्र घसरतात आणि त्यांना टाचणी लागतेच. बोर्ड मऊ असल्याने टाचणी सहज आत जाते, हा त्याचा सनबोर्ड या कडक फोमच्या तक्त्यावरचा मोठा फायदा.

परदेशी क्विल्टकारांच्या सल्ल्यांत पंख्याचा उल्लेख माझ्या वाचनात कुठेच आला नाही. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात पंखा बंद ठेवून काम करणे अशक्य असते, आणि पंखा लावला की फलालीनवर नुसते चिकटवलेले तुकडे एकेक करून खाली उतरू लागतात. त्यामुळे ‘टाचणीशिवाय मांडणी’ हा या भिंतीचा सर्वांत गाजलेला गुण आपल्याकडे वर्षातले काही महिनेच उपयोगी पडतो. भिंत पंख्याच्या थेट झोतात येणार नाही अशा जागी उभी केली, तर त्रास निम्म्यावर येतो.

उभ्या पृष्ठभागावर पाहणे आणि जमिनीवर अंथरून पाहणे यांत किती अंतर आहे, हे वापरल्याशिवाय कळत नाही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेली अमेरिकी क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगली गेली, आणि ओहायोमधील अथेन्स येथे १९७९ पासून भरणाऱ्या ‘क्विल्ट नॅशनल’ या प्रदर्शनाने तर भिंतीसाठीच घडवलेल्या क्विल्टला हक्काचे व्यासपीठ दिले. जे काम शेवटी उभे पाहिले जाणार, ते घडतानाही उभेच पाहिले पाहिजे. शिवाय दूर उभे राहून फोनवर काढलेले कृष्णधवल छायाचित्र गडद-फिकट छटांचा समतोल लगेच उघड करते. रंगीत पाहताना लाल आणि हिरवा वेगळे वाटतात, करड्या छटेत ते एकमेकांत विरघळून गेलेले दिसतात.

आता कार्डांचा फळा. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीची ही घरगुती आवृत्ती आहे. प्रत्येक क्विल्टचे एक कार्ड असते आणि ते ‘कल्पना’, ‘रचना’, ‘टॉपची शिलाई’ (दर्शनी थर जोडणे), ‘थर लावणे’, ‘क्विल्टिंग’ (सगळे थर टाक्यांनी एकत्र शिवणे), ‘कडा आणि टांगण्याची बाही’ (मागे दांडी घालायची पोकळ पट्टी) अशा रकान्यांतून पुढे सरकते. या पद्धतीचा कणा म्हणजे एका टप्प्यावर किती कामे असावीत याची मर्यादा. माझ्या फळ्यावर कोणत्याही रकान्यात दोनपेक्षा जास्त कार्डे ठेवायची नाहीत असा नियम होता. टॉपच्या शिलाईपासून पुढच्या टप्प्यांत तो उत्तम चालला, कारण ते टप्पे कष्टाचे आहेत आणि कष्टाला शेवट असतो. ‘रचना’ या रकान्यात मात्र कार्ड अडकून बसले की फळा काहीही मदत करू शकत नाही. कोपऱ्यातला पिवळा तुकडा योग्य आहे की नाही, हे ठरायला एक संध्याकाळ लागेल की तीन आठवडे, ते कोणताही रकाना सांगू शकत नाही.

माझ्या सासूबाईंच्या गोधडीला ही अडचण कधी आलीच नाही. जुन्या नऊवारीच्या घड्या जमिनीवर अंथरायच्या, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि धावदोरा घालत सुटायचे. बाळंतपण किंवा थंडी तोंडावर आलेली असायची, त्यामुळे मुदत बाहेरून ठरलेली असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत तर तुकडे लावणे आणि टाके घालणे एकाच वेळी, कडेकडून मध्याकडे चालते, आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ म्हणून घडीचे छोटे त्रिकोण बसले की काम पुरे. अशा पद्धतीने काम करणाऱ्यांना माझा रकान्यांचा फळा अजिबात सोयीचा पडणार नाही. कलात्मक क्विल्टमध्ये रचना आणि टाके वेगळे पडतात, म्हणून निर्णयाचा टप्पा लांबतो आणि त्याला बाहेरची मुदतही नसते.

ही मुदत मला भिंतीने दिली. भिंत एकच आहे, तिच्यावर एका वेळी एकच रचना राहते, आणि ती उतरवल्याशिवाय दुसरी चढवता येत नाही. रोज येता-जाता ती समोर दिसते, पाहुण्यांनाही दिसते, त्यामुळे अर्धवट मांडणी कपाटात विसरून जाण्याची सोय उरत नाही. बदल केला की मी तारखेसह छायाचित्र ठेवते. सलग चार-पाच छायाचित्रांत फरक फक्त एखाद-दुसऱ्या तुकड्याचा असेल, तर रचना तयार आहे असे समजून शिलाईला घेते. अ‍ॅपमधल्या टक्केवारीपेक्षा हा निकष मला अधिक भरवशाचा वाटतो.

मोबाइलवरचे अ‍ॅप होळीच्या आसपास बंद केले. आठवण करून देणाऱ्या सूचनांनी काम पुढे सरकले नाही, उलट ‘४० टक्के पूर्ण’ अशा आकड्यांनी विनाकारण समाधान दिले. क्विल्टिंगच्या टप्प्यात खरा आकडा आलेखाच्या कागदावर मिळतो. ४८ इंच चौरस क्विल्ट सहा-सहा इंचांच्या घरांत विभागले की ६४ घरे होतात, आणि टाके घालून झालेले घर पेन्सिलीने रंगवायचे. घरगुती मशीनच्या हाताखाली जेमतेम सहा-सात इंच जागा असते, म्हणून मधली घरे कडेच्या घरांपेक्षा बराच जास्त वेळ खातात. हे एकदा कागदावर दिसले की पुढच्या क्विल्टचा अंदाज बरोबर येतो.

वहीबद्दल थोडक्यात. कापडाचा तुकडा, दोऱ्याचा शेड क्रमांक, सुईचे माप, टाक्याची लांबी आणि ‘उद्या काय करायचे’ ही एक ओळ, एवढेच लिहिते. दोन महिन्यांनी काम पुन्हा हाती घेताना ही शेवटची ओळच सर्वांत जास्त कामी येते.

सॉफ्ट बोर्डची खरी परीक्षा जूनमध्ये झाली. तो ओलावा शोषतो, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवल्यास मागून बुरशी धरू शकते. म्हणून माझे दोन्ही तक्ते आतल्या भिंतीवर, मागे दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या ठोकून लावलेले आहेत. तरीही जुलैअखेर खालची एक कड किंचित फुगली. खळ लावलेले तुकडे पावसाळ्यात भिंतीवर आठवडेच्या आठवडे सोडू नयेत, खळीवर कसर येते.

घर स्वतःचे असेल आणि आतली एखादी भिंत मोकळी असेल, तर हा खर्च करण्यासारखा आहे. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील, तर पडद्याच्या दांडीवर अडीच मीटर फलालीन टांगावी आणि खालच्या दुमडीत लोखंडी पट्टी घालावी. टाचणी नीट बसणार नाही, पण पंखा बेताने लावला तर मांडणी टिकते आणि पावसाळ्यात ती फलालीन काढून धुताही येते.