दहाचा सेट मागवला, त्यात नऊ नंबर दोनदा आला, तरी घ्याच

आधी तक्रार सांगून टाकते म्हणजे पुढे निवांत कौतुक करता येईल. जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणारा एक सेलर आहे (नाव लिहीत नाही, शेवटी थोडे पैसे परत दिले त्याने), त्याच्याकडून मार्टिन बेक या स्वीडिश पोलिसाच्या दहा कादंबऱ्यांचा इंग्रजी सेट मागवला, डिलिव्हरी धरून २,६०० रुपये. फोटोत दहाच्या दहा एका ओळीत उभी, खाली लिहिलेलं 'लाइक न्यू'. मुलुंडला घरी खोकं आलं, कात्री शोधायचाही धीर नव्हता म्हणून किल्लीने टेप फाडली, आणि मोजते तर नऊ नंबरचं पुस्तक दोनदा आणि चार नंबरचं गायब. आठवं उघडलं तर मधल्या पानांचा गठ्ठाच्या गठ्ठा सुटून हातात आला, आणि पहिल्याच्या कव्हरवर कुणीतरी चहाचा कप ठेवल्याचा गोल डाग. लाइक न्यू म्हणे! कसर लागलेली नव्हती एवढंच नशीब. चॅटवर विचारलं तर 'मॅडम स्टॉक नाही', दोन दिवस डोकं खाल्ल्यावर २६० रुपये परत आले.

आणि गंमत अशी की चार नंबरचं माझ्याकडे होतं! जुलैमध्ये मुंबईत फ्लोरा फाउंटनला फुटपाथवर पाऊस म्हणून सगळ्या ढिगावर निळी ताडपत्री टाकलेली, तिचं एक टोक वर करून हात घातला तेव्हा 'द लाफिंग पोलिसमन' हाताला लागलं, शंभर रुपयात. लोकलमध्ये विंडो सीट मिळाली, भायखळा यायच्या आत मी अडकलेली होते. १९६७ चा नोव्हेंबर, स्टॉकहोममध्ये धो धो पाऊस, सगळे पोलीस व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा मोर्चा आवरायला अमेरिकन वकिलातीसमोर, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डबलडेकर बसमध्ये नऊ माणसांवर कुणीतरी गोळ्या झाडून पसार. त्या नऊत एक तरुण पोलीस, आणि तो त्या बसमध्ये काय करत होता हे त्याच्याच ऑफिसात कुणाला माहीत नाही. मी मुलुंडऐवजी ठाण्याला उतरले, खोटं नाही सांगत. तर ते पुस्तक, आता पूर्ण सेट येतोच आहे म्हणून, सेट यायच्या चार दिवस आधी मी मोठ्या मनाने भाच्याला देऊन टाकलं.

आता ज्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल, कारण खरं तर मला तेच जास्त आवडलंय. माय श्योवाल आणि पेर वालो. कव्हरवरचं इंग्रजी स्पेलिंग बघून मी कित्येक दिवस त्या बाईला 'मज' म्हणत होते, जसं काही कवितेतलं मज. दोघं पत्रकार, तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, भेटले तेव्हा त्याचं लग्न झालेलं, तिची दोन लग्नं मोडलेली आणि पदरात एक मुलगी. पुढे दोघं एकत्र राहिले, दोन मुलगे झाले, लग्न काही केलं नाही. दोघंही पक्के डावे, त्याला तर १९५७ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून हाकललेलं. आणि या दोघांनी ठरवलं काय, तर बरोब्बर दहा पुस्तकं लिहायची, प्रत्येकात ३० प्रकरणं, म्हणजे सगळी मिळून ३०० प्रकरणांची एकच कादंबरी, आणि खुनाच्या निमित्ताने स्वीडनच्या त्या आदर्श म्हणवल्या जाणाऱ्या कल्याणकारी राज्याचं पोट फाडून आत काय आहे ते दाखवायचं. पहिलं १९६५ ला, दहावं १९७५ ला. ठरवलं तसं केलं. आमच्याकडे साधं माळा आवरायचं दोन वर्षं ठरतंय.

लिहायचे कधी तर रात्री, मुलं झोपल्यावर. एकाच टेबलाशी समोरासमोर बसून, एक प्रकरण तिने एक त्याने, मग एकमेकांचं घेऊन दुरुस्त करायचं. हे वाचल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं. कारण मागच्या वर्षी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल महानगरपालिकेला एक पत्र, फक्त एक पानी, आम्ही दोघांनी मिळून लिहायला घेतलं होतं, मी 'आपणांस विनंती' लिहिलं त्याने ते खोडून 'तीव्र निषेध' केलं, मग तीन दिवस आमच्यात फक्त दूध संपलंय आणि गॅस आलाय एवढंच बोलणं. आणि हे दोघं दहा वर्षं!

म्हणून मी पहिलं पुस्तक 'रोझॅना' पेन्सिल घेऊन वाचलं. प्रकरण संपलं की समासात लिहायचं, 'मा' किंवा 'पे', कुणी लिहिलं असेल ते. नवऱ्याने नंतर वाचलं आणि माझ्या निम्म्या खुणा खोडून उलट्या केल्या. त्याचं म्हणणं, मार्टिन बेकचं पोट सारखं बिघडतं, सर्दी होते, ते सगळं बाईनेच लिहिलंय, कारण नवऱ्याच्या पोटाची एवढी बित्तंबातमी बायकोलाच असते. बाराव्या प्रकरणानंतर आम्ही दोघांनीही नाद सोडला. शिवण दिसतच नाही हो कुठे.

'रोझॅना'बद्दल अजून एक. ज्यांना पानापानाला धडाधड काहीतरी व्हायला हवं असतं त्यांना ते झेपणार नाही. गोटा कालव्यात गाळ काढताना एका बाईचं प्रेत सापडतं, आणि तीन महिन्यांनी पोलिसांच्या हातात काय, तर तिचं नाव, ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची होती, आणि कालव्यातून जाणाऱ्या प्रवासी बोटीवरच्या ८५ जणांपैकी कुणीही तिला मारलेलं असू शकतं. मधे नुसती पत्रं येतात, फोन वाजतात, मार्टिन बेक जहाजाचं मॉडेल चिकटवत बसतो आणि घरी जायला कंटाळतो. त्याच्याबरोबरचे पण तसेच, कोल्बर्गला खाण्याची भारी आवड आणि बंदुकीचा तिटकारा, पुढे तिसऱ्या पुस्तकात येणारा लार्सन उद्धट पण कपडे एकदम महागाचे. कुणी हिरो नाही. आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात दुपारी तीन वाजता जे वातावरण असतं ना, डिट्टो ते, फक्त बाहेर बर्फ.

क्रमाने वाचा, प्लीज. मी डुप्लिकेट आलेलं नववं 'कॉप किलर' एका मैत्रिणीला देणार होते, बरं झालं नाही दिलं, कारण त्यात जुन्या पुस्तकांतली माणसं परत येतात आणि आधी ते वाचलं तर 'रोझॅना'चं रहस्य तिथेच फुटतं. सेलरने हे लिहायला पाहिजे होतं, पण ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

सगळंच गोड नाहीये. सुरुवातीला राजकारण हळूच येतं, सातव्यापासून पुढे मात्र लेखकद्वय मधेच खुर्चीवर चढून भाषण देतंय असं वाटतं, पोलीस खातं कसं सडलं, घरं कशी गचाळ बांधली, पानंच्या पानं. नवरा म्हणतो उडवायची ती. मला तीही वाचावीशी वाटली, पण आठव्यात खरंच दमले. स्वीडिश रस्त्यांची नावं पण जीव काढतात, मी सरळ 'तो ग-वाला रोड' म्हणून पुढे जाते. फॉन्ट बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांनी नीट दिवा लावून बसा.

दहावं, 'द टेररिस्ट्स', मी दोन रात्रीत संपवलं आणि मग बराच वेळ तसंच मांडीवर धरून बसले. ते लिहिताना पेर वालो खूप आजारी होता, १९७५ च्या जूनमध्ये गेला, ४८ वर्षांचा. ती तेव्हा ३९ ची. पुढे ती २०२० पर्यंत जगली, पण मार्टिन बेकचं अकरावं पुस्तक काही तिने एकटीने लिहिलं नाही. शेवटच्या पानावर दोन जोडपी घरात बसून शब्दांचा खेळ खेळतायत, बाकी काही नाही, आणि पुस्तकाचा शेवटचा शब्द आहे 'मार्क्स'. त्या टेबलाची एक बाजू रिकामी झाल्यावर ती तिथे बसत असेल का, हाच विचार मी नंतर भांडी लावताना करत होते.

तर सेलरला दोन स्टार, पुस्तकांना पाच. नवऱ्याचं मात्र तिसऱ्यावर अडलंय, कारण तो क्रम मोडणार नाही म्हणतो आणि चौथं भाच्याकडे. काल फोन केला तर भाचा म्हणतो, "मावशी, दिलेलं परत मागतात का? आणि माझी अजून साठ पानं राहिलीत." शनिवारी परत फाउंटनला जाऊन ताडपत्री उचलून बघणार आहे.